काचेचा मणी आणि डबक्याचे पाणी

शाळेत असताना अमिबाची आकृती तुम्ही किती वेळा काढली असेल? मी निदान दहा वेळा तरी काढली. वेडीवाकडी कड, आत एक केंद्रक, बाजूला रेघा ओढून नावे. आकृती सुबक असे, गुणही चांगले मिळत. पण अमिबा पाहिला होता का? नाही. आमच्या शाळेत सूक्ष्मदर्शक नव्हता असे नाही. तो होता, काचेच्या कपाटात होता, त्याच्यावर पिवळट पडलेले कापड होते आणि कपाटाला कुलूप होते. वर्षातून एकदा तो बाहेर निघे. आम्ही साठ मुले रांगेने त्याच्यासमोरून जायचो आणि 'हात लावू नका, नुसतं बघा' अशी सूचना ऐकत, एक डोळा मिटून, नळीत पाहायचो. एकेकाच्या वाट्याला तीन-चार सेकंद येत. मला त्या नळीत जे दिसले त्या माझ्याच पापण्या होत्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

पुढे मी कलाशाखेकडे गेलो आणि आज महाविद्यालयात मराठी शिकवतो. तेव्हा इथे जे सांगणार आहे ते तज्ज्ञाचे बोलणे नव्हे, हौशी माणसाचे आहे, हे आधीच कबूल करतो. झाले असे, की नववीत असलेल्या माझ्या मुलीने एके दिवशी कांद्याच्या पेशींची आकृती काढता काढता विचारले, "बाबा, तू खरंच पाहिल्या आहेस का रे या पेशी?" तिला तिच्या शाळेत त्या पडद्यावरच्या चित्रात दाखवल्या होत्या. म्हणजे पंचवीस-तीस वर्षांत फरक इतकाच पडला होता, की आमच्या वेळी पापण्या तरी स्वतःच्या दिसत!

बाजारात सूक्ष्मदर्शक मिळतात, पण जे स्वस्त असतात ते बहुधा खेळणीच असतात आणि जे चांगले असतात त्यांची किंमत मध्यमवर्गीय बापाला दोनदा विचार करायला लावते. अशा वेळी एका जुन्या गृहस्थाची आठवण उपयोगी पडते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावात अंतोनी व्हान लेव्हेनहुक (१६३२–१७२३) नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. विद्यापीठाचे तोंड त्याने पाहिले नव्हते, लॅटिन त्याला येत नव्हते. पण डबक्याच्या पाण्यात पोहणारे एकपेशीय जीव त्याने पाहिले, आणि मिरी भिजवून ठेवलेल्या पाण्यात त्याहूनही बारीक जंतू पाहून १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला त्यासंबंधी पत्र लिहिले. हे सगळे त्याने पाहिले ते मोठ्या नळीच्या यंत्रातून नव्हे. बोटभर लांबीचा धातूचा पत्रा, त्याला एक भोक, भोकात साबुदाण्याएवढे किंवा त्याहून लहान एकच भिंग, आणि मागे वस्तू टोचून धरायला एक सुई. झाला सूक्ष्मदर्शक! अशी काही शे साधने त्याने स्वतःच्या हाताने केली. उत्रेख्त येथे जतन केलेले त्याचे एक साधन वस्तू सुमारे २६६ पट मोठी करून दाखवते.

भिंग कसे करतो हे मात्र त्याने जन्मभर कोणाला सांगितले नाही. लोक समजत होते, की तो काहीतरी विलक्षण कौशल्याने काच घासत असावा. २०२१ साली शास्त्रज्ञांनी त्याचे हे उत्रेख्तचे साधन न उघडता, न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने, त्याच्या अंतरंगाचे चित्र घेतले. आणि मौज अशी, की आत निघाला एक काचेचा मणी, काच वितळवून केलेला. ही कृती तर रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ सालीच आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापून टाकली होती. काचेचा बारीक धागा ओढावा, त्याचे टोक ज्योतीत धरावे, त्याचा आपोआप गोल मणी होतो, तो भोक पाडलेल्या पातळ पत्र्यात बसवावा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे हे गुपित मुळी गुपितच नव्हते.

आता आपण तो मणी करू या.

शाळेच्या सामानाच्या दुकानात काचेची भरीव कांडी मिळते, पेन्सिलीपेक्षा बारीक घ्यावी. भरीव हा शब्द महत्त्वाचा आहे. मी पहिल्यांदा औषधाच्या ड्रॉपरची नळी वापरली. नळी पोकळ, तिच्यातून ओढलेला धागाही पोकळ, आणि मणी झाला की त्याच्या पोटात हवेचा बुडबुडा. असे सात-आठ मणी केले आणि सात-आठही फुकट गेले. त्याआधी मेणबत्तीवर प्रयत्न केला होता तेव्हा मणी काजळीने काळे झाले, ती गोष्ट वेगळीच. ज्योत निळी हवी. स्वयंपाकाच्या गॅसची चालते, धाग्याचा मणी करायला स्पिरिटचा दिवाही पुरतो. डोळ्यांवर चष्मा असू द्या, ओढणी किंवा सैल बाही आवरून घ्या, मुले करणार असतील तर जवळ मोठे माणूस हवेच. स्पिरिटची बाटली दिव्याजवळ ठेवू नका. तापलेली काच आणि गार काच दिसायला एकसारखीच असते. माझ्या अंगठ्याला हे चांगले ठाऊक आहे.

कांडी दोन्ही हातांत धरून मधला भाग ज्योतीत सावकाश फिरवत राहा. काही वेळाने ती पाकासारखी मऊ पडते आणि मधे वाकू लागते. तेव्हा ज्योतीच्या बाहेर काढा आणि दोन्ही हात एकदम, पण झटका न देता, लांब न्या. ज्योतीत असतानाच ओढले तर धागा तुटतो. बाहेर ओढला की हातभर लांबीचा, केसासारखा चमकणारा काचेचा धागा मिळतो. तो गार झाल्यावर त्याचा वीतभर तुकडा घ्या आणि टोक ज्योतीच्या कडेला न्या. टोक वितळते आणि आपल्या आपण गोळा होऊ लागते. पावसाचा थेंब ज्या कारणाने गोल होतो त्याच पृष्ठताणाने हा काचेचा थेंब गोल होतो, तुम्हाला काही घासायचे नाही की घडवायचे नाही. धागा हळूहळू आत सारत गेलात की मणी मोठा होत जातो. धागा पाव-अर्ध्या मिलिमीटरच्या दरम्यान जाड असेल, तर दोन मिलिमीटरच्या मण्याला पाच-सहा सेंटिमीटर धागा सहज खर्ची पडतो. त्याहून मोठा मणी करण्याचा मोह नको, स्वतःच्या वजनाने तो लोंबतो आणि पेरूसारखा होतो. मण्याला धाग्याची शेपटी ठेवूनच तो तोडावा. पकडायला ती बरी पडते, आणि बसवताना बाजूला वळवली की नजरेच्या आड राहते.

मणी किती पट मोठे दाखवील याचा हिशेब सोपा आहे. साध्या काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असतो. अशा गोल मण्याचे नाभीय अंतर, मण्याच्या मध्यापासून मोजल्यास, व्यासाच्या पाऊणपट भरते. स्पष्ट पाहण्यासाठी आपण वस्तू साधारण २५० मिलिमीटरांवर धरतो. त्या २५० ला नाभीय अंतराने भागले की झाले. थोडक्यात, ३३३ ला मण्याच्या मिलिमीटरमधील व्यासाने भागावे. दोन मिलिमीटरचा मणी सुमारे १६६ पट, दीडचा २२२ पट आणि एकचा ३३३ पट. मणी जितका लहान तितका जोरकस, हे थोडे उफराटे वाटते, पण तसे आहे खरे.

मग एकदम बारीक मणीच का करू नये? तिथेच तर गोम आहे. वस्तू मण्याच्या पृष्ठभागापासून फक्त पाव व्यासाइतक्या अंतरावर यावी लागते. दोन मिलिमीटरच्या मण्याला अर्धा मिलिमीटर, एकच्या मण्याला पाव मिलिमीटर. आता पाण्याच्या थेंबावर जी पातळ झाकणकाच ठेवतात तीच सुमारे ०.१७ मिलिमीटर जाड असते. म्हणजे लहान मण्याला उरली किती जागा? मणी काचेला घासतो, पाणी वर चढते, आणि माणूस वैतागून नाद सोडतो. नवशिक्याने दीड ते दोन मिलिमीटरचाच मणी धरावा. आणि झाकणकाचा मात्र विकतच घ्याव्यात, इथे कंजुषी करू नये. काचपट्टी म्हणून फोटोच्या चौकटीच्या काचेचा, काचवाल्याकडून कापून कडा घासून घेतलेला तुकडा चालतो.

मणी बसवायला शीतपेयाच्या डब्याचा पत्रा उत्तम. तो कात्रीने कापता येतो, पण कडा धारदार असतात, त्यांवर चिकटपट्टी लावावी. दोन सारखे तुकडे घेऊन दोहोंना सुईने मिलिमीटरभराचे भोक पाडा आणि भोकाच्या कडेला उठलेले ओरखडे पॉलिश पेपरने साफ घासून टाका. भोक मण्यापेक्षा लहान हवे, म्हणजे मण्याच्या कडेने येणारे वाकडेतिकडे किरण अडतात आणि चित्र रेखीव होते. मणी दोन्ही भोकांच्या मधे ठेवून पत्रे चिकटपट्टीने घट्ट बांधा. काचपट्टी धरायला जाड पुठ्ठ्याची एक पट्टी करा. पत्र्याची पट्टी आणि पुठ्ठ्याची पट्टी एका टोकाला जोडून, दुसऱ्या टोकाशी त्यांच्यामधून एक लहान स्क्रू घाला. स्क्रू पिळला की पट्टी केसाकेसाने वाकते आणि वस्तू मण्याच्या जवळ किंवा दूर जाते. आमच्या घरच्या साधनात हा स्क्रू जुन्या चार्जरचा आहे.

पाहायचे कसे? डोळा मण्याला अगदी लावून. पापण्या टेकल्या तरी चालेल. तोंड खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे, मात्र सूर्याकडे कधीही नाही, अगदी चुकूनही नाही. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने सोलून काचपट्टीवर पाण्यात पसरायचा. त्यावर टिंक्चर आयोडीनमध्ये चार-पाच पट पाणी घालून केलेला एक थेंब, वर झाकणकाच, आणि झाकणकाचेची बाजू मण्याकडे. आम्हाला पहिल्यांदा दिसला तो नुसता धूसर पिवळा उजेड. स्क्रू पिळला, काही नाही. उलटा पिळला, पुन्हा काही नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे." आणि मी पट्टी खाली ठेवण्यापूर्वी शेवटचा एक पीळ दिला, तर समोर विटांची भिंत उभी! लांबट, एकाला एक खेटलेल्या पेशी, आणि जवळजवळ प्रत्येकीत तपकिरी पिवळा ठिपका, केंद्रक. मी ती पट्टी मुलीच्या हाती किती वेळ दिली नाही, हे ती अजून सगळ्यांना सांगते.

कांद्याची पेशी पाव मिलिमीटरच्या आगेमागे लांब असते, त्यामुळे ती दिसते लवकर. गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाच्या. त्या बोथट काडीने हळूच खरवडून घ्याव्यात आणि काडी टाकून द्यावी. मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे औषध म्हणून मेथिलीन ब्लू हे निळे रंगद्रव्य मिळते. त्याच्या पातळ द्रावणाने त्यांची केंद्रके गडद निळी उठतात. दह्याच्या निवळीत या मण्यातून बारीक बारीक काहीतरी दिसते खरे, पण ते जिवाणूच होत असे छातीठोकपणे सांगण्याची माझी तयारी नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी गाठ पडली की चांगलाच सूक्ष्मदर्शक लागतो. घरच्या साधनाची मर्यादा ओळखून राहावे, म्हणजे भलतेच शोध लागत नाहीत.

खरी गंमत डबक्याच्या पाण्यात आहे. तळ्याचे किंवा कुंडीखालच्या ताटलीतले पाणी बरणीत घ्या, त्यात वाळक्या गवताच्या चार काड्या टाका आणि आठवडाभर सावलीत राहू द्या. गवतावर जिवाणू वाढतात, जिवाणूंवर एकपेशीय प्राणी पोसतात. चपलेच्या तळव्यासारखा पॅरामेशियम असा वेगाने पळतो, की मण्याच्या टिचभर नजरेत ठरतच नाही. त्याच्यासाठी थेंबात कापसाचे दोन-चार सुटे धागे टाकावेत. धाग्यांच्या कुंपणात तो अडकून फिरत राहतो आणि नीट पाहता येतो. बरणी फार दिवस ठेवली तर डास होतात. ती झाकावी, आणि पाहून झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

मोजमाप कसे करायचे? लेव्हेनहुकही वाळूच्या कणाशी आणि केसाशी तुलना करून आकार सांगत असे. आपण थोडे पुढे जाऊ. बारीक तांब्याची तार पेन्सिलीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. दहा मिलिमीटरांत पन्नास वेढे बसले तर तार ०.२ मिलिमीटर जाड. तिचा तुकडा थेंबाशेजारी ठेवला, की पॅरामेशियमची लांबी तिच्याशी ताडून पाहता येते. ती साधारण तेवढीच किंवा थोडी अधिक भरते.

ज्यांना काच तापवण्याची भीती वाटते त्यांनी लेसर-टॉर्चमधले भिंग काढून ते मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवावे. आधी टॉर्चचे सेल काढून टाकावेत, म्हणजे लेसर डोळ्यात जाण्याची भीती नाही. मुंगीचे डोके आणि फुलाचे पराग त्यातून छान दिसतात, चार जणांना एकदम दाखवता येतात. मेरठला जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले मनु प्रकाश यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सहकाऱ्यांसह कागदाच्या घडीचा 'फोल्डस्कोप' केला. २०१४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्याही पोटात असाच एक मणी आहे. दोऱ्यात ओवलेल्या बटणाची भिंगरी लहानपणी आपण सर्वांनीच फिरवली आहे. तिच्यावरून याच मंडळींनी २०१७ साली कागदाची अपकेंद्री चकती केली. ती मिनिटाला सव्वा लाख फेरे घेऊन रक्तातील पेशी आणि द्रव वेगळे करते. भिंगरी घरी फिरवा, रक्ताचे प्रयोग मात्र घरी नकोत.

आपल्याकडेही हे नवे नाही. जगदीशचंद्र बोस कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात १८८५ साली रुजू झाले तेव्हा त्यांना संशोधनाला प्रयोगशाळा जवळजवळ नव्हतीच. त्यांनी एका साध्या टिनकाम करणाऱ्या कारागिराला शिकवून तयार केले आणि त्याच्याकडून आपली उपकरणे करवून घेतली. वनस्पतींची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारी त्यांची यंत्रे पुढे भारतीय कारागिरांच्या हातूनच घडली. पुण्याच्या आयुकातील बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची शेकडो खेळणी केली, ती पुष्कळांच्या परिचयाची असतील.

स्वयंपाकघराची एक हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीत रॉबर्ट कोख जिवाणू वाढवण्यासाठी आधी बटाट्याचे काप आणि मग जिलेटिन वापरत असे. जिलेटिन उबेने वितळे आणि काही जिवाणू ते खाऊनच टाकत. त्याच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेस याची पत्नी फॅनी ही मुरंब्यासाठी आणि जेलीसाठी अगार वापरत असे. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या लोकांकडून तिला ते कळले होते. १८८१ च्या सुमारास तिने नवऱ्याला सुचवले, की हेच वापरून बघा. तेव्हापासून आजतागायत जगभरच्या प्रयोगशाळा अगार वापरतात. फॅनीबाईचे नाव मात्र त्यावर लागले नाही. बशीवर पेट्रीचे लागले, ती त्याने १८८७ साली केली. हे अगार म्हणजे आपल्या वाण्याकडे मिळणारे चायना ग्रास.

चाळीस ग्रॅम बटाटा पाण्यात उकडून गाळावा, ते पाणी २०० मिलिलिटर करावे, त्यात चार ग्रॅम साखर आणि तितकेच चायना ग्रास विरघळवावे. हे झाले बुरशीचे जेवण. ते काचेच्या रुंद तोंडाच्या लहान बाटल्यांत, झाकण सैल ठेवून, कुकरमध्ये वीस मिनिटे वाफवायचे. नुसते उकळून भागत नाही, कारण काही जिवाणूंची बीजे १०० अंशांनाही दाद देत नाहीत. कुकरमध्ये वातावरणाच्या दुप्पट दाब झाला की पाणी सुमारे १२१ अंशांना उकळते, आणि तिथे ती मरतात. पाश्चरचा सहकारी शांबरलां याने १८७९ साली केलेले निर्जंतुक करण्याचे यंत्र हे दोनशे वर्षांपूर्वीच्या देनी पापँच्या कुकरचेच भावंड होते. कुकर आपोआप थंड होऊ द्यावा, घाईने उघडला तर बाटल्यांतले उतू जाते. आणि या कामाला जुना, वेगळा कुकर ठेवावा. घरात ज्या कुकरात वरण शिजते तो मागाल तर प्रयोगाआधीच संशोधन संपेल, आणि ते रास्तच आहे.

थंड झालेली एक बाटली दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवून बंद करा, एक मुळीच उघडू नका. चार दिवसांत पहिलीत हिरव्या-काळ्या मखमलीचे ठिपके उमटतात, दुसरी स्वच्छ राहते. झाकण एकदा चिकटपट्टीने बंद केले की पुन्हा उघडायचे नाही, बाहेरूनच पाहायचे. थुंकी, जखम, गटार यांतले काहीही वाढवायचे नाही. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. आत नेमके काय वाढले आहे हे आपल्याला घरी ओळखता येत नाही, म्हणून सांगतो. पाहून झाले की बाटली न उघडता, चिकटपट्टीवर सुईने एक भोक पाडून, कुकरात अर्धा तास वाफवावी आणि मगच टाकावी.

आमचा मण्याचा सूक्ष्मदर्शक मुलीने एक दिवस डब्याच्या पिशवीतून शाळेत नेला. मधल्या सुट्टीत वर्गातल्या बहुतेक सगळ्यांनी तो हाताळला, स्क्रू आपल्या हाताने पिळला, एकाने तो बाकावरून खाली पाडला. पत्रे सुटले आणि मणी फरशीच्या फटीत कुठेतरी गेला, तो काही सापडला नाही. घरी आल्यावर तिने स्वतःच धागा ओढला आणि गॅसच्या ज्योतीवर नवा मणी केला. पहिल्यापेक्षा तो जरा लहान आहे, व्यास १.८ मिलिमीटर, म्हणजे सुमारे १८५ पट.